ए-टूच्या तोंडात ए-थ्री

मी मालिका बघत नाही. लॅबमध्ये नवीन मुलगी लागली की पहिल्याच दिवशी मी हे तिच्या कानावर घालते, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत माझ्यासमोर तसलं दळण दळायची तिची हिंमत होत नाही. मी पुस्तकं वाचते. जाडजूड. एक कायम माझ्या टेबलावर पडलेलं असतं, खूण एकशे चाळीसाव्या पानावर. ती खूण दोन वर्षं तिथेच आहे, पण उघडून बघायला कोण जातंय?

खरं सांगायचं तर रोज संध्याकाळी साडेसातला माझं डोकं दुखतं. खोलीचं दार लावून, दिवा मालवून मी पडते आणि पांघरुणात मोबाईल धरून कानात हेडफोन घालते. बाहेर माझा धाकटा भाऊ आणि त्याची बायको तीच मालिका मोठ्या टीव्हीवर बघत असतात, आवाज बारीक करून, ताईच्या डोक्याला त्रास नको म्हणून. भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे ती दोघं, आणि ती टीव्हीतली सून दोन्हीकडे एकाच वेळी रडते. मीही रडते. अगदी उशी भिजेपर्यंत. मग तोंड धुऊन बाहेर येते आणि म्हणते, संपला का तो तमाशा, जेवायला वाढा.

आमची लॅब म्हणजे दातांची लॅब. डॉक्टर मापं पाठवतात, आम्ही दात करून देतो. माझं काम रंगाचं. दात पांढरा असतो असं म्हणणाऱ्या माणसाशी मी वाद घालत नाही, त्याला शेड गाईड दाखवते: सोळा दातांची पट्टी, सोळा रंग. ए-टू म्हणजे सायीसारखा, ए-थ्री त्याहून पिवळट, आणि मधला फरक शंभरात नव्वद लोकांना सांगूनही दिसत नाही. मला खोलीच्या दुसऱ्या टोकाहून दिसतो. मालक नव्या डॉक्टरांना माझी ओळख करून देताना म्हणतात, ही आमची रंगबाई, हिच्या डोळ्याला तोड नाही. खोटं नाही ते.

शेड घ्यायची आमची रीत ठरलेली आहे. पेशंट लॅबमध्येच येतो. वेळ सकाळची, अकराच्या आत, आणि जागा खिडकीची. ओठांना काही लावलं असेल तर पुसायचं, हनुवटीखाली करडं फडकं धरायचं, पाच सेकंदांत बघून नजर बाजूला करायची, कारण जास्त बघितलं की डोळा फसतो. दोघांनी बघायचं, एकमेकांना न विचारता रंग सांगायचा, आणि चिठ्ठीवर दोघांची सही. ट्यूबलाइटखाली शेड घेणं म्हणजे आमच्याकडे पाप. चुकून कुणी घेतली तर प्लॅस्टरकाका, म्हणजे साचे ओतणारे आमचे सगळ्यात जुने कारागीर, दिवसभर त्याला आंधळा म्हणून हाक मारतात.

आता भावजयीबद्दल. ती लग्न होऊन आली तेव्हा मला वाटलं होतं, बरं झालं, घरात कुणीतरी बोलायला आलं. पण ती बोलायची सगळ्यांशीच. दूधवाल्याशी, वरच्या मजल्यावरच्या म्हातारीशी, कपडे वाळत घालताना समोरच्या गॅलरीतल्या बाईशी. हसायला लागली की शेजारचे दारं उघडून विचारायचे, काय झालं, आम्हालाही सांगा. माझा भाऊ, जो जन्मात चार वाक्यं सलग बोलला नाही, तो तिच्यामुळे गाणी गुणगुणायला लागला. मला तिचा हेवा वाटायचा. दुसरा शब्द नाही, आणि मी आता शोधणारही नाही.

लग्नाला तीन महिने झाले होते तेव्हा ती ओल्या जिन्यावरून घसरली आणि वरचा डावा पुढचा दात अर्धा तुटला. डॉक्टरांनी खुंट तयार करून दिला, वर बसवायची कॅप करायचं काम अर्थातच माझं. ती म्हणाली, उद्या सकाळी लॅबमध्ये येते शेड द्यायला. मी म्हटलं, कशाला, घरचंच तर काम आहे. आणि त्याच संध्याकाळी, स्वयंपाकघरात, ट्यूबलाइटखाली मी तिच्या ओठांशी पट्टी धरली. भाऊ दारात उभा होता. तो म्हणाला, ताई, नीट कर हं, हिच्या हसण्यावर तर घर चाललंय. मी चिठ्ठीवर ए-थ्री लिहिलं. मला ठाऊक होतं, ती ए-टू आहे. दुसऱ्या सहीच्या जागी मी माझीच सही फिरवून केली. दात बसला, तिने आरशात पाहिलं, माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, कुठला खोटा ते मलाच ओळखू येत नाही. मी म्हटलं, छान बसलाय. नऊ वर्षं ती त्या दातासह हसली आणि नऊ वर्षं मी रोज तो बघितला.

पुढे मीच तिला लॅबमध्ये लावलं. मेणाच्या टेबलावर, म्हणजे दाताचा आकार आधी मेणात कोरतात तिथे, माझ्यापासून दोन टेबलं सोडून. तिथे तिने वर्षभरात असं काही बस्तान बसवलं की जेवणाच्या सुट्टीत लोक डबे घेऊन तिच्याभोवती गोळा व्हायचे. आदल्या दिवशीचा भाग ती सगळ्यांची सोंगं करून सांगायची: सासू, सून, दारूडा काका, आणि ती खाष्ट थोरली नणंद, जी सगळं बिघडवते आणि वर चष्मा सावरत म्हणते, माझं काय चुकलं? लोक हसून हसून ठसका लागेपर्यंत ऐकायचे. मी आपली माझ्या जाडजूड पुस्तकामागे, नाक मुरडून, एकही शब्द न सोडता.

मग कुणीतरी तिला सुचवलं की हे मोबाईलवर टाक. पहाटे उठून गॅलरीत वाळत घातलेल्या चादरींसमोर उभी राहून ती आठ मिनिटांचा व्हिडिओ करायची आणि टाकायची. ना पावडर, ना लाली. वर्षभरात चाळीस हजार लोक झाले. चाळीस हजार! ज्या डॉक्टरांसाठी मी वीस वर्षं दात रंगवते त्यांना माझं नाव माहीत नाही आणि हिला परक्या गावच्या बायका ‘सोन्या’ म्हणून लिहितात.

मी रोज साडेदहाला प्लॅस्टरची पोती ठेवायच्या खोलीत जायचे आणि तो व्हिडिओ बघायचे. एकदा हसण्यासाठी. दुसऱ्यांदा नुसता बघण्यासाठी. तिसऱ्यांदा खाली काय लिहायचं ते ठरवण्यासाठी. मी नाव घेतलं होतं ‘स्पष्टवक्ती’. सुरुवात अगदी साधी होती. आवाज बरा आहे, चेहरा दाखवला नाही तर चालेल. मग, एवढं मोठ्याने हसायचं वळण कुठल्या घरचं? मग, नवऱ्याला दाखवता का हे, की तो बिचारा सोसतोय? लिहिलं की छातीत गरम वाटायचं. दोन-चार जण माझ्या बाजूने लिहायचे, दहा जण माझ्यावर तुटून पडायचे, आणि मी पोत्यावर बसून सगळं वाचायचे. बाहेर आले की हात धुवायचे. हाताला प्लॅस्टर असायचं म्हणून.

गंमत म्हणजे हे सगळं ती रात्रीच्या जेवणाला मलाच सांगायची. तिला वाईट वाटायचं, घास हातात राहायचा. कोण असेल हो ही बाई, असं विचारायची. भाऊ चिडून म्हणायचा, सोड ना, असेल कुणी रिकामटेकडी. मी तिला समजूतदारपणे सांगायचे की असल्यांकडे लक्ष देऊ नये. वर आणखी एक चमचा भाजी वाढायचे. तिचे डोळे भरून यायचे आणि ती म्हणायची, ताई, तुम्ही आहात म्हणून बरं आहे. मी हे ऐकून जेवायचे, आणि मला जेवण जायचं.

मग मालिकावाल्यांनी जाहीर केलं की दर रविवारी आठवड्याचा सारांश सांगायला ते प्रेक्षकांमधूनच एक बाई निवडणार. पडद्यावर, पगारी. शेवटच्या चौघींत आमची होती. चौघींनी एकेक व्हिडिओ टाकायचा, लोकांनी पंधरा दिवस मतं द्यायची, जिला जास्त ती जाणार. घरात दुसरा विषय नाही. भावाने तिला एक दिवा आणून दिला, वरच्या म्हातारीने चादरींऐवजी आपला भरतकामाचा पडदा दिला. लॅबमध्ये मालकांनी स्वतः सगळ्यांच्या मोबाईलवर मत देऊन घेतलं, माझ्याही. मी माझ्या नावाने तिला मत दिलं. मग पोत्यांच्या खोलीत जाऊन ‘स्पष्टवक्ती’च्या नावाने तो व्हिडिओ उघडला.

अप्रतिम केलं होतं तिने. नवा दिवा तिच्या तोंडावर सरळ पडला होता आणि त्या उजेडात तो दात, माझा दात, एवढा स्पष्ट दिसत होता की माझा हात थांबेना. मी लिहिलं: बाईंचा वरचा डावा पुढचा दात खोटा आहे. ए-टूच्या तोंडात ए-थ्री बसवलाय. पडद्यावर हात हात मोठा दिसेल. आणि इथे थांबायला हवं होतं. पण कारागिराची खोड जात नाही, चूक दाखवली की कारण सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी पुढे लिहिलं: ट्यूबलाइटखाली शेड घेतली की असंच होतं.

दुपारपर्यंत पाचशे लोकांनी ते वाचलं. कुणी तिच्या तोंडाचा फोटो मोठा करून, दाताभोवती लाल गोल काढून टाकला. संध्याकाळपर्यंत लोक तिला ‘पिवळी’ म्हणायला लागले. ती पहिल्या क्रमांकावर होती ती दोन दिवसांत तिसऱ्यावर आली. तिने हसताना तोंडावर हात धरायला सुरुवात केली. नऊ वर्षांत मी तिला असं करताना पाहिलं नव्हतं. मला आनंद झाला, आणि तो आनंद संपायच्या आत भीती वाटली, कारण साडेदहाला नवीन व्हिडिओ आला नव्हता. दुसऱ्या दिवशीही नाही. मी पोत्यावर बसून जुनेच व्हिडिओ बघत राहिले आणि मला रडू आलं. तिच्यासाठी नाही. मला माझी आठ मिनिटं हवी होती.

तिसऱ्या रात्री जेवताना तिने मोबाईल माझ्या ताटाशेजारी ठेवला. म्हणाली, ताई, तुमचा चष्मा आहे, वाचा ना मोठ्याने, ह्यांना ऐकू दे. मी वाचलं. ‘स्पष्टवक्ती’चं सगळं, ए-टू, ए-थ्री, सगळं. माझा आवाज नेहमीसारखाच लागला, त्याचं मला कौतुक वाटलं.

“शेवटचं परत वाचा,” ती म्हणाली. “ट्यूबलाइटचं.”

मी परत वाचलं. भाऊ म्हणाला, बघ कसल्या कसल्या गोष्टी शोधून काढतात लोक. त्याला काही कळलं नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती, मग तिने मान वर करून स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटकडे पाहिलं. तीच ट्यूब नव्हे, मधे दोन बदलल्या, पण जागा तीच. व्हिडिओ बघून रंग चुकलाय हे एखाद्याला कळेल. तो कुठल्या दिव्याखाली चुकला, हे त्या संध्याकाळी तिथे असलेल्या तिघांखेरीज जगात कुणाला कळणार? आणि त्या तिघांत शेड कळणारी एकटी मी. ती उठली, माझ्या ताटात वाढलं आणि म्हणाली, जेवा ताई, गार होतंय.

मी वाट बघत राहिले की ती ओरडेल, भावाला सांगेल, मला घराबाहेर काढेल. मी भांडणाची तयारी करून ठेवली होती. माझ्याकडे वाक्यं तयार होती. तिने एकही ऐकून घेतलं नाही, कारण ती काही बोललीच नाही. चौथ्या दिवशी अर्धा दिवस रजा घेऊन ती डॉक्टरांकडे गेली आणि कॅप कापून आली. डॉक्टर तात्पुरती बसवत होते, तीही नको म्हणाली.

पाचव्या दिवशी साडेदहाला बघितलं तर व्हिडिओ आला होता. ना दिवा, ना पडदा, परत त्याच वाळत घातलेल्या चादरी. ती हसली आणि वरच्या ओळीत काळा खुंट दिसला. मग तिने मूठ उघडली. तळहातावर माझा दात, दोन तुकडे झालेला. ती म्हणाली, हा माझ्या घरच्या माणसाने मायेने करून दिला होता, रंग चुकला असेल, माया नाही. आणि लगेच तिने आदल्या दिवशीचा भाग सुरू केला. सासू झाली, सून झाली. थोरली नणंद आली तेव्हा मी पोत्यावरून उठून उभी राहिले. आवाज माझा होता. बोलण्याआधी मी ‘हं’ करते ते. एका बोटाने चष्मा वर ढकलते ते. ‘संपला का तो तमाशा’, तेही. आणि शेवटी ती नणंद दिवा मालवून खोलीत पडली आणि पांघरुणात काहीतरी धरून हुंदके द्यायला लागली, असं तिने केलं. असलं काही मालिकेत नव्हतंच. मी कालचा भाग बघितला होता. तिला सगळं ठाऊक होतं, किती वर्षांपासून कुणास ठाऊक, आणि तरी ती रोज आवाज बारीक करत होती.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळ्या लॅबने तो व्हिडिओ एकत्र बसून पाहिला. हसले, डोळे पुसले, परत हसले. मग एकेक करून सगळ्यांनी माझ्या टेबलाकडे पाहिलं. माझ्या तोंडून सवयीने ‘हं’ निघालं आणि सगळ्यात मोठ्याने प्लॅस्टरकाका हसले. मी पुस्तक उघडलं. एकशे चाळीसावं पान.

ती निवडून आली, सांगायला नकोच. पंधरा दिवसांच्या शेवटी दुसरीच्या दुप्पट मतं.

सोमवारी सकाळी दहाला ती माझ्या खिडकीशी येऊन बसली. स्वतःच हनुवटीखाली करडं फडकं धरलं आणि म्हणाली, शेड घ्या. मालक दुसरा डोळा म्हणून आले, मागे मेणाच्या टेबलावरच्या सगळ्या पोरी. मी पट्टी धरली. पाच सेकंद. मी म्हटलं, ए-टू. मालक म्हणाले, ए-टू. मग तिने कागदात गुंडाळलेले जुने तुकडे त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते पट्टीला लावून पाहिले आणि विचारलं, हे कुणी केलं? ती म्हणाली, ताईंनी. मालक चांगले गृहस्थ आहेत, त्यांनी सावरायला बघितलं: नऊ वर्षांत दातांचा रंग बदलतो, तेव्हा बरोबर असेल. प्लॅस्टरकाका मागून म्हणाले, साहेब, वयाने दात पिवळे पडतात, पांढरे होत नाहीत. आज ए-टू आहे तर तेव्हा त्याहून पिवळी नसणारच. आणि तेव्हा रंगबाईला इथे अकरा वर्षं झाली होती. मालकांनी ते तुकडे माझ्या टेबलावर ठेवले, अगदी हळू.

मी चिठ्ठीवर ए-टू लिहायला घेतलं. मनात म्हटलं, असा दात करीन की जन्मभर कुणाला सापडणार नाही. बारीक रेघा, कडेची निळसर झाक, सगळं घालीन. एवढं केलं की फिटलं, असंही मला वाटून गेलं.

“ए-थ्री लिहा,” ती म्हणाली.

मी मान वर केली. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होती की मालिकावाल्यांनी बजावलंय, दात तसाच पाहिजे, लोक तिला आता त्यावरूनच ओळखतात. करारातच घातलंय. आणि करायचा तो ताईंनीच, पहिला त्यांनीच केला होता ना. मग ती पुढे वाकली आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, “ह्या वेळी जाणूनबुजून केलात तरी चालेल.”

मी तो दात तीन दिवस केला. एका वेळी पोर्सेलीनचा एक थर, मग भट्टी, मग परत थर. प्रत्येक थराला माझा हात ए-टूच्या बाटलीकडे जायचा आणि मी तो मागे घ्यायचे. वीस वर्षांत इतकं अचूक काम मी केलं नव्हतं. चिठ्ठीवर कारागीर म्हणून माझं नाव, दुसरी सही तिची. मालकांनी ती चिठ्ठी फ्रेम करून दाराशी लावली, टीव्हीवरचा दात आमच्या लॅबचा म्हणून. डॉक्टर लोक येतात, वाचतात, रविवारी टीव्हीवर बघतात. तेव्हापासून शेड घ्यायला मालक दुसऱ्या मुलीला बोलावतात. मला म्हणतात, तुम्ही थोडा आराम करा.

आता डोकेदुखी बंद झाली आहे. म्हणजे भावानेच बंद केली. रविवारी साडेसातला तो माझ्या खोलीचं दार ठोठावून म्हणाला, ताई, तुझ्या हातचं काम पडद्यावर येतंय आणि तू झोपतेस काय! मला हाताला धरून बाहेर आणलं. वरची म्हातारी, शेजारचे, सगळे बसले होते. टीव्हीचा आवाज मोठा होता. पडद्यावर ती हसली, आणि तो दात खरंच हात हात मोठा दिसला.

ती स्वतः, खरी, स्वयंपाकघरातून चहा घेऊन आली. पहिला कप मला दिला. मग माझी खुर्ची धरून तिने टीव्हीच्या अगदी समोर ओढली.

“इथे बसा ताई,” ती म्हणाली. “तुम्हाला लांबून रंग कळत नाही.”